नुसते दगड

"काका, जरा हात चालवा की. तिकडे साहेबलोक घड्याळाकडे बघत बसलेत," ट्रकवाला म्हणाला.

"भरलेली गाडी माझ्या जॅकला पेलणार नाही," बस्सू म्हणाला. "आधी माल उतरव."

"माल कसला? दगड आहेत. फुटले तरी कुणाच्या बापाचं काय जातंय?"

त्याने मागचे फळकूट सोडले आणि दगड घरंगळत खाली आले. बस्सूचे पंक्चरचे दुकान गावाच्या तोंडाशी, नव्या रस्त्यालगत होते. दुकान म्हणजे पत्र्याचे छप्पर, हवा भरायचा पंप आणि जुन्या टायरांची चळत. दुकानासमोर दगडांचा ढीग नको म्हणून तो एकेक उचलून कडेला ठेवू लागला. किनाऱ्याकडच्या शहरातून आलेला तो ट्रकवाला सिगारेट ओढत नुसता बघत होता.

एक दगड उचलला आणि बस्सूचा हात तिथेच थांबला. दगड तळहातापेक्षा थोडा मोठा, एका अंगाने काळा. उन्हाने काळवंडलेला नव्हे, धुराने. त्याने अंगठा फिरवला. अंगठ्याला काजळी लागली नाही, ती कधीच दगडात मुरून गेली होती. पण काळ्या बाजूला जो खोलगट पापुद्रा निघालेला होता तो त्याच्या अंगठ्याने ओळखला.

"हा कुठून आणलास?"

"त्या तिकडच्या माळावरून. आयतेच मिळाले हो! सगळे एका मापाचे, कुणी ओळीने मांडून ठेवल्यासारखे. खणायला नको, फोडायला नको. काल दिवसभर वाहिले, ही शेवटची खेप."

"कशाला हवेत?"

"चंद्र बनवायचाय." ट्रकवाला हसला. "खरं सांगतोय. खड्डे खणलेत, राख पसरलीय, त्यात दगड टाकायचे. मग चाकांचं यंत्र त्यावरून फिरवून बघणार. इथं पास झालं की वर जाणार. अहो, देशाचं नाव होणार आहे! आणि तुम्ही टायर सोडून कुठं निघालात?"

बस्सूने दगड पोटाशी धरला होता. तो तसाच मोपेडवर बसला आणि निघाला.

त्याच्या जमातीत कबरीवर नाव लिहायची रीत नव्हती. पुरुषाला दोन दगड, एक डोक्याशी आणि एक पायांशी. बाईला तिसरा, मधोमध. इत्तोसाठी तो तिसरा दगड बस्सूने तिच्या आईच्या चुलीतून आणला होता. इत्तो तंबूत जन्मलेली. लहानपणी शेळ्यांमागे हिंडलेली. बापाने शेळ्या विकल्यावर सगळे गावात राहायला आले, पण मेल्यावर मला आईजवळच ठेवा, असे ती मरायच्या आधी वर्षभर सांगत होती. आई त्या माळावर होती. आणि तिच्या पायांशी बस्सू आणि इत्तोची पहिली मुलगी होती. तिचे नाव ठेवायचे राहून गेले होते.

माळ झाडून काढल्यासारखा स्वच्छ होता. नुसत्या चाकांच्या खुणा. बस्सू मोपेड टाकून काही पावले आत गेला. दर वेळी तो काळा दगड लांबूनच दिसायचा आणि पाय आपोआप तिकडे वळायचे. वाट अशी त्याने कधी लक्षात ठेवलीच नव्हती, ठेवायची गरजच पडली नव्हती. त्याने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. मग त्याच्या ध्यानात आले की आपण कुणाच्या तरी अंगावर उभे असू. पाय उचलावा तर तो कुठे टेकवायचा हे कळेना. शेवटी आपल्याच पावलांच्या ठशांवर पाय देत तो मागे आला आणि हरूकडे गेला.

हरू हा इत्तोचा थोरला भाऊ. जमातीच्या सामाईक जमिनीचा कारभार त्याच्याकडे होता. सरकारी माणूस आला की हरूच्याच बैठकीत बसे.

"या दाजी, बसा. चहा टाकायला सांगतो."

"चहा राहू दे. माळाबद्दल तू त्यांना काय सांगितलंस?"

हरूने त्याच्या हातातला दगड पाहिला. पुढे काही विचारावे लागले नाही. तो गादीवर मटकन बसला.

"नकाशा घेऊन आले होते," तो खाली बघत म्हणाला. "बोट ठेवून विचारलं, इथं काय आहे? मी म्हटलं, काही नाही, नुसते दगड आहेत."

"नुसते दगड."

"मग काय सांगू? गावात भिंतीचं कबरस्तान झाल्यापासून माळावर पुरायची बंदी आहे. इत्तोला आपण चोरून नेलं होतं, विसरलास? कबरी आहेत म्हटलं असतं तर विचारलं असतं, शेवटची कुणाची? मग तुला बोलावलं असतं कचेरीत. मी तुला वाचवायला बोललो, दाजी. मला काय ठाऊक दगडच उचलतील? दगड कोण नेतं रे? सगळं वाळवंट दगडांनी भरलंय!"

"तुझी आई पण आहे तिथं."

"माहितीय मला."

"आणि रस्ता? तो तू मागितलास की त्यांनी दिला?"

हरूचा आवाज चढला. "हो, मागितला! गावाला रस्ता हवा होता की नको? तूच बोंबलत फिरायचास ना रस्त्यासाठी? आता आलाय तर तोही खुपतोय?"

बस्सूला एकदम हसू आले, पण ते चांगले हसू नव्हते. इत्तोची मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा डायलिसिससाठी तिला तालुक्याच्या गावी न्यावे लागे. रस्ता नव्हताच. नदीच्या कोरड्या पात्रातून पिकअप उसळत जायची आणि इत्तो उशी पोटाशी दाबून, ओठ चावून बसायची. परतताना तर तिच्यात बसायचीही ताकद नसे. शेवटच्या वेळी गाडी वाळूत रुतली. सगळे उतरून ढकलत होते. ती आत एकटी होती. गाडी निघाली तेव्हा ती गेलेली होती. त्यानंतर एका हंगामात रोलर आला, खडी आली, कडेला पांढरे दगडही लागले. कशासाठी, ते त्या ट्रकवाल्यांकडूनच दुकानात कळले होते. यंत्राच्या आतली नाजूक उपकरणे वाटेतल्या धक्क्यांनी बिघडू नयेत म्हणून.

"हरू," तो म्हणाला, "त्या यंत्राला धक्का लागू नये म्हणून रस्ता केला त्यांनी. तुझ्या बहिणीला धक्के लागत होते तेव्हा कुणी खडीचं एक घमेलं टाकलं नाही. आणि आता तिच्या अंगावरचे दगडही तिकडेच गेले."

चहा आला, तो तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बस्सू चंद्रावर गेला.

दोरी लावून एक मोठे मैदान आखले होते. आत राखाडी भुकटी, लहानमोठे खड्डे आणि दगड. काही अर्धे पुरलेले, काही एकावर एक. तंबूखाली ते सहा चाकांचे यंत्र झाकून ठेवले होते. दोरी उचलून तो आत वाकला तोच पहारेकरी धावत आला.

"ए बाबा, आत नाही! आत पाऊल नाही टाकायचं. ठसे उमटतात."

"ठसे उमटतात?"

"हो ना. मग पुन्हा सारवावं लागतं. चंद्रावर ठसे नसतात."

"माझ्या बायकोच्या छातीवरून ट्रक नेलात. तिथं कुणी सारवलं?" बस्सू इतक्या जोराने ओरडला की तंबूतली माणसे बाहेर आली.

त्यात एक मुलगी होती, राजधानीहून आलेली. गिझलान तिचे नाव. परदेशी पाहुण्यांशी त्यांच्या भाषेत बोलणारी आणि यंत्राच्या पोटातले सगळे जाणणारी. डोक्यावर टोपी, हातांना राख लागलेली. तिने आधी पहारेकऱ्याला गप्प केले, मग बस्सूला सावलीत बसवले आणि पाणी दिले. बस्सूने पाणी घेतले नाही. त्याने काळा दगड तिच्या मांडीवर ठेवला आणि सगळे सांगितले.

ती म्हणाली, "काका, आम्ही वरून काढलेले फोटो पाहिले होते."

"मग? ओळी दिसल्या नाहीत?"

"दिसल्या." तिचा चेहरा पडला. "पाण्याच्या प्रवाहानं लागलेले असतील, असं वाटलं. कबरस्तानाची खूण नव्हती नकाशात. कारभाऱ्यांना विचारलं, तेही नाही म्हणाले."

"म्हणजे खाली उतरून एकानंही बघितलं नाही."

"नाही."

तंबूतून एक परदेशी माणूस काहीतरी विचारत होता. तिने हातानेच त्याला थांबवले. "आज काही चालणार नाही," ती मोठ्याने म्हणाली, दोन्ही भाषांत.

"पोरी, तू शिकलेली दिसतेस. मला एक सांग. यावर किती उधळणार तुम्ही? आमच्याकडे तालुक्याला डायलिसिसची यंत्रं आहेत, पण त्यातली निम्मी बंद. दुरुस्तीला माणूस येत नाही म्हणे. आणि हे?" त्याने तंबूकडे बोट केले. "याला तर मुंगी चावली तरी समुद्रापलीकडून माणूस येत असेल."

"येतो," ती हळूच म्हणाली. मग जरा अवसान आणून म्हणाली, "पण काका, ते पैसे इथून काढून तिथं लागतात असं नसतं हो. आम्ही हे बंद केलं तर उद्या दवाखाना होईल असं वाटतं का तुम्हाला? माझ्या आजीला स्वतःचं नावही लिहिता यायचं नाही. मी इथवर आले. आमच्यासारख्यांनी वर बघायचंच नाही का? फक्त गोऱ्यांनीच जायचं? टोळधाड कुठून येतेय, दुष्काळ कुठे पडणार, हे वरूनच कळतं आपल्याला."

"टोळांचं कळतं ते चांगलंच आहे. जाऊ नका असं मी कुठं म्हणतोय? जा ना. चंद्रावर जा, त्याच्या पलीकडं जा. पण तुम्हाला चंद्रासारखी जागा हवी होती. जिथं माणूस नाही, अशी. आणि साऱ्या देशात बघून बघून तुम्ही आमच्याकडे बोट केलंत. इथं माणूस नाही म्हणालात. मी होतो की इथं! नव्या रस्त्याच्या तोंडावरच माझं दुकान आहे. तुमच्या सगळ्या गाड्यांची पंक्चरं मी काढली."

गिझलानने दगड दोन्ही हातांनी उचलून त्याला परत दिला.

दोन दिवसांनी ती गावात आली. हरूच्या बैठकीत, मशिदीत नमाज पढवणारे सी लारबी, हरू आणि बस्सू यांच्यासमोर बसून तिने सांगितले की चंद्राच्या मातीखाली बर्फ आहे का हे बघायला त्या यंत्रात एक उपकरण आहे. जमीन न खणता ते आतले बघते. कुठे माती कधी उकरली गेली होती, तेही त्यात कळते.

"म्हणजे माझ्या बायकोवरून गाडी फिरवणार? परत?" बस्सू उठूनच उभा राहिला.

"गाडी नाही. उपकरण काढून घेऊ. हातात धरून नेऊ."

"याने आमचे मुडदे बघणार म्हणजे," हरू पुटपुटला. "हे बरं दिसतं का सी लारबी?"

सी लारबी म्हातारे होते. सगळ्यांच्या नमाजाआधी उठून सगळ्यांनंतर झोपणारे. त्यांनी दाढीतून हात फिरवला. "बरं दिसत नाही. पण हरू, तू नुसते दगड आहेत म्हणालास ते तरी कुठं बरं दिसलं? मुलीला बघू दे. चपला काढून चालायचं, आणि मोठ्यानं बोलायचं नाही."

बस्सूने होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. पण ठरल्या सकाळी सगळ्यांच्या आधी माळावर तोच हजर होता.

उपकरण एका लाकडी चौकटीला बांधले होते आणि चौकटीला दोन लांब काठ्या. पुढे हरू आणि सी लारबींचा जावई, मागे बस्सू आणि गिझलान. चौघेही अनवाणी. जनाजा खांद्यावर घेतात तसे ते चालत होते, फक्त काठ्या हातात होत्या. गिझलानच्या गळ्यात एक पडदा टांगलेला होता. त्यावर राखाडी रेघा सरकायच्या आणि मध्येच कुठे कमानीसारख्या वाकायच्या. तिथे ती "थांबा" म्हणायची आणि सी लारबी लोखंडी खुंटी ठोकायचे.

दुपारपर्यंत माळावर खुंट्यांच्या ओळी उभ्या राहिल्या. हरूच्या डोळ्यांना धार लागली होती. "आहेत," तो म्हणत होता. "दाजी, सगळे आहेत की जागच्या जागी."

मग गिझलान थांबली. पडद्याकडे बघत तिने चौकट थोडी मागे घ्यायला लावली, पुन्हा पुढे.

"काय झालं?" बस्सूने विचारले.

"इथं काहीतरी आहे, पण लहान आहे. फारच लहान. कदाचित दगड असेल."

"दगड नाही. खुंटी ठोका."

पुढे चार पावलांवर पुन्हा तसेच. आणि त्याच्या बाजूलाही. ती आता "थांबा" म्हणत नव्हती, नुसता हात वर करत होती. खुंट्या संपल्या. हरू गावात जाऊन आणखी घेऊन आला. मोठ्या कबरींच्या पायांशी, कडेला, कुठे दोनदोन शेजारी. सूर्य कलला तरी ते संपेना.

"काका," गिझलान म्हणाली, "ही सगळी मुलं?"

"हो."

"इतकी? का?"

"दाई होती, पण डॉक्टर नव्हता," बस्सू म्हणाला. "आणि तालुका लांब होता."

तिने चौकट खाली ठेवायला लावली आणि पाठ फिरवून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

बस्सूला मात्र आता घाई झाली होती. आईजवळ इत्तो आणि पायांशी लहानगी. अशी जागा शोधायची, बस. सकाळपासून तो मनात तेवढेच धरून होता. पण खुंट्यांकडे पाहत पाहत तो फिरला आणि त्याच्या लक्षात आले की तशा जागा बऱ्याच आहेत. दोन मोठ्या शेजारी शेजारी आणि पायांशी एक लहान. इथेही, पलीकडेही, त्या टोकालाही. गावातल्या प्रत्येक घराने असेच काहीतरी इथे ठेवलेले होते.

"यातली नवी कुठली, ते सांगत नाही का हे?"

गिझलानने डोळे पुसले. "माती उकरली होती एवढंच सांगतं. पाच वर्षांपूर्वी की पन्नास, ते इथल्या कोरड्या मातीत नीट कळत नाही. आणि कुणाची, ते तर नाहीच."

"चंद्रावर बर्फ सापडेल पण याला."

"सापडेल," ती म्हणाली.

दगड परत आले. ट्रकने नव्हे, गावातल्या गाढवांवरून. गिझलानने आपल्या माणसांना जुंपले, स्वतःही वाहिले. त्या मैदानातला दगड अन् दगड माळाच्या कडेला रचला गेला. पण कुठला कुणाचा हे कोण सांगणार? काही घरांनी सी लारबींना विचारून अंदाजाने ठेवले. कुणाच्या डोक्याशी कुणाचा तरी गेला असेल.

मग कचेरीचा माणूस आला. कोट, चकचकीत बूट. मंत्री यंत्र बघायला येणार होते आणि त्यांना माळावरही यायचे होते. भिंत बांधू, फाटक लावू, जमातीचे आभार मानणारा फलक लावू, असे त्याने सांगितले. कॅमेरे येतील. सगळे नीट दिसायला हवे. काही जागा अजून उघड्याच दिसतात.

"हे बस्सू," हरूने ओळख करून दिली. "यांची जागा अजून..."

"अहो, मग ठेवून टाका ना तुम्ही!" कचेरीवाला बस्सूच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाला. "मंत्रीसाहेबांसमोर तुम्हीच ठेवा. छान होईल. देशाच्या प्रगतीला सामान्य माणसाचा आशीर्वाद. काय?"

बस्सूने तो हात खांद्यावरून काढला. "कुठं ठेवू?"

"कुठंही. म्हणजे, तुमच्या पत्नीच्या."

"कुठली ती, ते दाखवा. ठेवतो."

कचेरीवाल्याने हरूकडे पाहिले. हरूने बस्सूला बाजूला घेतले. त्याचा आवाज विनवणीचा होता. "दाजी, ऐक माझं. एखादीला इत्तो म्हण आणि ठेव. माझी बहीण आहे ती, मी सांगतोय. चुकलं तरी ती काय बोलणार आहे?"

"ती बोलणार नाही म्हणून तर," बस्सू म्हणाला. "जिवंत असताना ती बोलली तेव्हा कुणी ऐकलं नाही. आता बोलता येत नाही तिला, तर मी तिच्या नावानं काहीही खपवू? आणि ती दुसरीच कुणी निघाली तर? तिच्या नवऱ्यानं काय करायचं? तीही कुणाची बायको असेल ना, हरू?"

"अरे, पण मंत्री येतायत."

"येऊ देत. त्यांना सांग, इथं नुसते दगड आहेत."

हरूने मान खाली घातली. बस्सूला ते बोलल्याबद्दल लगेच वाईट वाटले, पण त्याने शब्द मागे घेतले नाहीत.

मंत्री आले त्या दिवशी तो दुकानात होता. गाड्यांचा ताफा नव्या रस्त्याने धुरळा न उडवता गेला. एकीचेही टायर फुटले नाही. संध्याकाळी चहाच्या टपरीवर टीव्हीत सगळ्यांनी ते यंत्र राखेवरून तुरुतुरु चालताना पाहिले. दुसरे दगड आणले होते, लांबच्या डोंगरातले. टपरीवाला म्हणाला, "आपलं गाव दिसलं रे!" आणि काही जणांनी टाळ्या वाजवल्या. बस्सूने चहाचा ग्लास ठेवला आणि घरी गेला.

गिझलान जाण्याआधी दुकानात आली होती. चंद्राबद्दल तिने काही सांगितले नाही. तालुक्यातल्या बंद यंत्रांविषयी ती वरपर्यंत लिहिणार आहे, एवढे म्हणाली. "लिही," बस्सू म्हणाला. तिच्या गाडीच्या चारही टायरांत हवा भरून त्याने पैसे घेतले नाहीत. यंत्रे अजून बंदच आहेत.

आशुराच्या, म्हणजे मोहरमच्या दहाव्या, दिवशी गावातली माणसे आपापल्या कबरींवर पाणी घालतात, सुके अंजीर वाटतात. त्या सकाळी बस्सूने दोन कॅन भरले आणि मोपेडला बांधले. माळाला आता भिंत होती आणि फाटकही. आत बऱ्याच घरची माणसे आली होती. बायका ज्या त्या खुंटीपाशी वाकून पाणी ओतत होत्या. हरू एका टोकाला उभा होता. त्याने बस्सूला पाहिले, पण जवळ आला नाही.

बस्सू फाटकाच्या आत उभा राहिला. सी लारबी त्याच्याजवळून गेले. "कुठंही घाल रे," ते म्हणाले. "पाणी जमिनीतून पोचतं."

तो "हो" म्हणाला. पण त्याने कॅन उघडले नाहीत. ऊन वर आले, माणसे पांगली. तो कॅन तसेच भरलेले घेऊन घरी आला.

इत्तोच्या कबरीवर पाणी घालायचे राहिले आहे.